किल्ल्या परत कोण मागणार?

अमेरिकेत टेक्सासपासून न्यू जर्सीपर्यंत सुमारे ८,८५० किलोमीटर लांबीची इंधनवाहिनी आहे. ७ मे २०२१ रोजी ती बंद करावी लागली आणि पूर्व किनाऱ्यावरच्या कित्येक शहरांत पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. कोलोनियल पाइपलाइन या कंपनीच्या संगणकांत खंडणीखोर शिरले होते. कंपनीने त्यांना ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे ४४ लाख डॉलर मोजले. (त्यांतला बराचसा भाग सरकारने पुढे परत मिळवला, ही गोष्ट निराळी.) चोर आले कुठून? बाहेरून कंपनीच्या यंत्रणेत येण्यासाठी कधीकाळी उघडलेले एक खाते होते. ते कोणी वापरत नव्हते, पण बंदही केलेले नव्हते. परवलीचा शब्द सोपा नव्हता, असे कंपनीच्या प्रमुखांनी सिनेटच्या समितीपुढे आवर्जून सांगितले. असेलही. पण तो अवघड शब्द दुसऱ्याच्या हाती पडल्यावर 'आपण कोण?' असे पुन्हा एकदा विचारणारी सोय तिथे नव्हती.

हे सारे दूरदेशीचे वाटेल. पण आज पुण्या-मुंबईतल्या किती घरांत मुलगा किंवा सून रात्री जेवण आटोपून 'जरा सर्व्हरवर जाऊन येते' म्हणत खोलीचे दार लावून घेते! सर्व्हर असतो हजारो मैलांवर. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर हे इतके अंगवळणी पडले आहे, की त्यात कोणाला नवल वाटत नाही. या जाण्या-येण्याची बहुतेक ठिकाणची वाट म्हणजे 'एसएसएच'. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून जाणारे परवलीचे शब्द चोरले गेले, तेव्हा तातू इलोनेन या संशोधकाने १९९५ मध्ये ती तयार केली. तिच्यात किल्लीचे दोन भाग असतात. गुप्त भाग आपल्या संगणकात राहतो, दुसरा सर्व्हरवर नोंदवायचा. दोन्ही जुळले की दार उघडते. ही युक्ती उत्तम आहे आणि तीस वर्षे टिकली आहे. मात्र सर्व्हर ओळखतो तो किल्लीला. किल्लीवाला अजून नोकरीत आहे की गेल्या दिवाळीत सोडून गेला, हे त्याला ठाऊक नसते.

कंपनी लहान असते तोवर हे खपून जाते. पाच जणांना सहा यंत्रांवर सोडायचे तर तीस नोंदी. पन्नास जणांना साठ यंत्रांवर सोडायचे तर तीन हजार. मग कंटाळून सगळ्यांसाठी एकच सामाईक किल्ली केली जाते. मी हा प्रकार एकाहून अधिक ठिकाणी पाहिला आहे. एक जण सोडून गेला की किल्ली सगळ्यांसाठी बदलावी लागते, म्हणून ती कधीच बदलली जात नाही. माझ्या मते याचे मूळ तंत्रात कमी आणि माणसांच्या स्वभावात जास्त आहे. नवा माणूस पहिल्या दिवशी किल्लीवाचून खोळंबला, तर वरिष्ठ दहा वेळा फोन करतात. जाणाऱ्याचा निरोपसमारंभ होतो, लॅपटॉप आणि ओळखपत्र सही घेऊन परत घेतले जाते. किल्ल्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या मागायच्या कोणी?

सिस्कोसारख्या बलाढ्य कंपनीलाही हे चुकले नाही. एप्रिल २०१८ मध्ये नोकरी सोडलेला एक अभियंता सप्टेंबरात तिच्या क्लाउडवरील यंत्रणेत शिरला आणि त्याने ४५६ आभासी यंत्रे पुसून टाकली. वेबेक्स टीम्सची १६,००० हून अधिक खाती काही ठिकाणी दोन आठवड्यांपर्यंत बंद पडली. डिसेंबर २०२० मध्ये त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. ती योग्यच होती, पण पाच महिने ते दार उघडे कसे राहिले, हा प्रश्न न्यायालयापुढचा नव्हता.

उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत. कायमच्या किल्लीऐवजी काही तासांत आपोआप बाद होणारे प्रमाणपत्र द्यायचे, म्हणजे परत मागण्याचा प्रश्नच उरत नाही. रेल्वेचा पास आणि एका फेरीचे तिकीट यांतला जो फरक, तोच इथे. परवानगी माणसाला न देता कामाला द्यायची. काम बदलले की परवानगीही बदलते. आणि प्रत्येकाला स्वतःच्या नावाने आत सोडायचे. आपल्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये नोंदी १८० दिवस जपण्याचा आदेश काढला. पण पन्नास जण एकाच नावाने आत जात असतील, तर त्या नोंदवहीतून तपास करणाऱ्याला काय कळणार?

यावर अभियंत्यांची एक तक्रार असते, आणि ती मला रास्त वाटते. रात्री दोन वाजता बँकेचा सर्व्हर बसला आणि परवानगी देणारे साहेब झोपलेले असले तर? त्यासाठी एक आणीबाणीची किल्ली राखून ठेवावीच लागते. ती वापरली की चार जणांच्या फोनवर तत्क्षणी घंटा वाजली पाहिजे आणि दुसऱ्या दिवशी ती बदलली पाहिजे. घंटा सहसा वाजते. अडते ते दुसऱ्या दिवशीच्या कामापाशी.