प्रल्हादाचे पूजक

नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूर हे महाराष्ट्रातील कित्येक घराण्यांच्या कुलदैवताचे ठिकाण. प्रल्हादाने स्वहस्ते वाळूची नृसिंहमूर्ती येथेच घडविली, अशी क्षेत्राची आख्यायिका आहे. वैशाख शुद्ध चतुर्दशीस भाविक तेथे जमतात आणि प्रल्हादाच्या छळाचे आख्यान रंगले म्हणजे डोळ्यांस पदर लावतात. पण त्या बालकाचा अपराध तो कोणता? ज्याचे नाव घरात घ्यावयाचे नाही असे बापाने बजावले, तेच त्याने घेतले. आणि त्यास कड्यावरून लोटविणारा कोणी परका नव्हता, जन्मदाता होता.

अशाच एखाद्या भाविक घरातील मुलगा किंवा सून एके दिवशी म्हणते की, ख्रिस्ताच्या ठायी माझ्या जिवास विसावा मिळाला. तत्क्षणी हे प्रल्हादाचे पूजक हिरण्यकश्यपूचे वकीलपत्र घेतात! कोणी भुलविले, किती पैसे मिळाले, धाकट्या बहिणीचे लग्न आता कसे जमावयाचे, हे प्रश्न प्रथम. 'तुला तेथे काय सापडले?' हा एकच प्रश्न कोणी विचारीत नाही.

लोभाचा आरोप तर फारच स्वस्त झाला आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पुढे मिशनचे काम मिळाले हे खरे. परंतु पत्नी व मूल काही वर्षे अंतरली, आप्तांच्या लेखी ते जिवंतपणीच मेले. असा व्यवहार करणारास लोभी म्हणावयाचे, तर लोभ या शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

तेव्हा असे माणसास काय मिळते? आमच्या मते उत्तर लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात आहे. मुलगा क्षमेची वाक्ये जुळवीत घराकडे येत असतो. बाप त्यास दुरून पाहून धावत सुटतो आणि वाक्ये पुरी होण्यापूर्वीच गळ्यात पडतो. आधी मिठी, मग बाकीचे. आपण नाकारले जाऊ या धाकाखाली ज्याचे सारे आयुष्य गेले, त्यास ही गोष्ट केवढी वाटत असेल!

या चित्राशेजारी १८४३ सालची मुंबई ठेवून पाहावी. नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्यास न्यायालयाने बापाच्या स्वाधीन केले. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेलाही नव्हता. पण मुलगा घरी आला तरी जात त्यास घेईना. प्रायश्चित्त देऊन त्यास पदरात घ्यावे, असे बाळशास्त्री जांभेकरांनी म्हटले, तर सनातन्यांचा रोष त्यांच्यावरच कोसळला. एक पोर उंबरठ्याशी उभे, आणि विद्वान मंडळी शास्त्राधार धुंडाळीत बसलेली! १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाराचा वारसाहक्क राखला खरा. पण पंगतीतील पान कोणता कायदा मांडणार?

कोणी म्हणेल, असा कनवाळू देव आमच्या संतांनी दाखविलाच होता. निःसंशय दाखविला होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे खुद्द टिळकच म्हणत. मग तुकोबांचे अभंग पाठ म्हणणाऱ्या घरांस तो पूल ओलांडून निदान मुलाची विचारपूस करावयास जाता येऊ नये काय?

ख्रिस्ती बांधवांनीही येथे फार सुखावून जाऊ नये. गोव्यात कित्येक चर्चांच्या कॉन्फ्रारियांत जातीचे मान पिढ्यान्‌पिढ्या जपले गेले. तो दृष्टांत वाचणारांनीच तेथे उंबरठे बांधले. शिवाय आईबापांस सोडून येणे हीच श्रद्धेची कसोटी, असे व्यासपीठावरून सांगणे सोपे असते. ज्याने घर गमावले नाही त्याने ते सांगू नये, हे बरे. भीतीने थबकलेला माणूस श्रद्धेत उणा असतो, असे आम्हांस वाटत नाही. आईवर त्याचे प्रेम आहे, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण या दृष्टीने पाहावे. त्या पतीकडे परत आल्या त्या प्रथम आपले सोवळे सांभाळूनच. एकाच संसारात दोन धर्म नांदले. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला, तो आपल्या मनाच्या वेळापत्रकाने. 'स्मृतिचित्रे' वाचणारास हे निराळे सांगावयास नको. पुढे १९१७ साली टिळकांनी मिशनचे काम सोडले आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांइतकीच न झालेल्यांसही जागा होती.