कठड्यावर बसण्याचा गुन्हा

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकांवर जे गद्य लिहिले जाते त्याकडे मराठीच्या अभ्यासकांचे म्हणावे तसे लक्ष गेलेले नाही. जायला हवे. पाण्याच्या वेळा, लिफ्टची दुरुस्ती आणि थकबाकीदारांची नावे यांच्या शेजारी पुण्या-मुंबईच्या, ठाण्या-नाशिकच्या संकुलांत अलीकडे आणखी एक सूचना टाचलेली आढळते. तिचा मसुदा थोड्याफार फरकाने तोच असतो. काही मुले रात्री उशिरापर्यंत आवारात घोळक्याने बसत असल्याचे निदर्शनास आले आहे; यापुढे बारा ते अठरा वयोगटातील मुलांनी रात्री नऊनंतर आवारात, पार्किंगमध्ये, जिन्यात वा गच्चीवर थांबू नये; अन्यथा दंड आकारण्यात येईल; पालकांनी नोंद घ्यावी.

हा मजकूर जरा सावकाश वाचावा. 'निदर्शनास आले आहे'. कोणाच्या, ते सांगितलेले नाही. तक्रार करणारा माणूस या वाक्यरचनेच्या आड सुखरूप बसलेला आहे. मग 'घोळका'. चार निवृत्त गृहस्थ बाकावर बसले तर मंडळी बसलेली असतात, चार गृहिणी शतपावली करता करता थबकल्या तर त्या गप्पा असतात आणि पंधरा वर्षांची चार पोरे कठड्यावर टेकली की मात्र घोळका होतो. त्यानंतरचे क्रियापद तर फारच बोलके आहे. ओरडू नये, काच फोडू नये, गाड्यांना ओरखडे काढू नयेत असे काही या सूचनेत म्हटलेले नाही. 'थांबू नये' असे म्हटले आहे. शेवटी 'पालकांनी नोंद घ्यावी'. म्हणजे नियम ज्याला लागू आहे त्याच्याशी हा मजकूर बोलतसुद्धा नाही. गाय दुसऱ्याच्या शेतात शिरली तर आपण गायीला थोडेच समजावतो, मालकाला गाठतो. तोच सूर येथे आहे.

माझे भांडण नऊ या आकड्याशी नाही. नऊचे साडेदहा केले तरी ते मिटणारे नाही. भांडण आहे ते या 'थांबू नये'शी. नियम कृत्याचा असतो, तेव्हा तो पाळून माणूस निर्दोष राहू शकतो. नियम वयाचाच असेल तर निर्दोष राहण्याचा एकच मार्ग उरतो : अठरा वर्षांचे होईपर्यंत अदृश्य होणे.

गोंगाटाचे काय, असे लगेच विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तयार आहे. ध्वनिप्रदूषणासंबंधीचे केंद्र सरकारचे नियम 2000 साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र असे त्यांत ठरलेले आहे. निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादाही दिलेली आहे. हा नियम वय विचारत नाही. तो पोरांच्या खिदळण्याला लागू आहे, तसाच तिसऱ्या मजल्यावरच्या वाढदिवसाच्या मेजवानीला, गच्चीवरच्या कोजागिरीला आणि गणपतीच्या दिवसांत मांडवात लावलेल्या कर्ण्यालाही. गोंगाट हेच खरे दुखणे असते तर संस्थेने हा नियम फलकावर लावला असता आणि सर्वांना सारखा पाळायला सांगितला असता. तसे होत नाही, कारण मग कमिटीच्या मेजवानीवरही बोट ठेवावे लागेल.

आता हे नियम करते कोण, ते पाहू. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 सालचा. त्यानुसार सभासद व्हायचे तर करार करण्यास कायद्याने पात्र असावे लागते. अठरा वर्षांखालची व्यक्ती तशी पात्र नसते. म्हणून किशोरवयीन मुलगा वा मुलगी सर्वसाधारण सभेत बसत नाही, मत देत नाही, समितीवर निवडून येत नाही. हे एका मर्यादेपर्यंत समजण्यासारखे आहे. सज्ञानतेची रेघ कुठेतरी ओढावी लागतेच. परंतु ज्याला मत नाही त्याच्याविषयी नियम करताना मतदारांनी अधिक संकोच बाळगायला हवा. येथे घडते ते नेमके उलट. बिल्डरकडून हस्तांतरण करून घ्यायचे म्हटले की वर्षानुवर्षे हातपाय न हलवणाऱ्या समित्या या एका विषयात कमालीच्या तत्पर असतात, कारण समोर विरोध करणारे कोणी नसते. 'सहकार' या शब्दाचा असा अर्थ धनंजयराव गाडगीळांनी आणि वैकुंठभाई मेहतांनी खचितच योजिला नसावा.

शिवाय यांतल्या पुष्कळशा सूचना नियमही नसतात. उपविधींमध्ये दुरुस्ती करायची तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो आणि निबंधकाकडे नोंदणी लागते; तोवर दुरुस्ती अमलात येत नाही. सेक्रेटरींनी रविवारी सकाळी चहा पिता पिता व्हॉट्सॲपवर टाकलेले फर्मान म्हणजे उपविधी नव्हे. पण वॉचमनला हा भेद कोण सांगणार? त्याला सांगितलेले असते की पोरांना हुसकावायचे, आणि तो हुसकावतो. तो बिचारा ज्या मुलांना दटावतो त्यांच्याच वयाचा एखादा मुलगा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून साबण नि दही घेऊन रात्री गेटवर येतो. त्याला कोणी अडवत नाही. फक्त दुसऱ्या लिफ्टने जा म्हणतात. बालकामगार कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीने चौदा ते अठरा वयोगटाला धोकादायक नसलेल्या कामांची मुभा ठेवलेली आहे. पंधरा वर्षांच्या पोराने आवारात ओझे वाहिले तर चालते, नुसते बसलेले चालत नाही, असा याचा एकंदर अर्थ निघतो. आपल्या मध्यमवर्गाला रिकामपणाची एवढी धास्ती का वाटते हा स्वतंत्र निबंधाचा विषय आहे. असो.

आवार तरी कोणाचे? 1991 च्या मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीने मोठ्या भूखंडांवर करमणुकीसाठी मोकळी जागा सोडणे बंधनकारक केले होते : एक हजार ते अडीच हजार चौरस मीटरच्या भूखंडावर 15 टक्के, दहा हजारांपर्यंत 20 टक्के, त्यापुढे 25 टक्के. बिल्डरांनी ही जागा पार्किंगच्या छतावर, पोडियमवर नेऊन ठेवायला सुरुवात केली तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर 2013 मध्ये न्यायालयाने सांगितले की, नियमाने ठरवलेली किमान जागा जमिनीवरच हवी. म्हणजे ज्या तुकड्यावर बसू नका म्हणून सांगितले जाते तो तुकडा करमणुकीसाठीच राखायला लावलेला असतो. आणि करमणूक म्हणजे केवळ घसरगुंडी आणि झोपाळा नव्हे. घसरगुंडीचे वय संपल्यावर आणि बाकावरचे वय येण्याआधी मधली दहा वर्षे माणसाने कुठे टेकावे, याचा विचार एकाही आराखड्यात दिसत नाही.

इतरत्र या प्रश्नाकडे कसे पाहिले गेले? अमेरिकेत घरांच्या बाबतीतील भेदभावाविरुद्धचा कायदा 1968 सालचा. 1988 मध्ये त्यात मुले असलेल्या कुटुंबांना संरक्षण देण्यात आले आणि मुलांनी मोठ्यांशिवाय बाहेर दिसू नये अशा धर्तीचे संकुलांचे नियम त्या आधारावर तिथल्या न्यायालयांत अवैध ठरलेले आहेत. आपल्याकडे वारा उलट्या दिशेने वाहिला. 2005 साली झोरोस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपविधी हा सभासदांमधला करार मानला आणि सभासदत्व एका समाजापुरते राखण्यास हरकत घेतली नाही. शेजारी कोण असावा हे ठरवण्याची मुभा एकदा मिळाली की आपल्याच शेजाऱ्याच्या लेकराने कुठे उभे राहावे हेही ठरवावेसे वाटू लागते. त्याच 2005 च्या सुमारास ब्रिटनमध्ये 'मॉस्किटो' नावाचे एक यंत्र निघाले. साधारण पंचविशीपुढच्या माणसांना ऐकू येत नाही असा अतिउच्च स्वर ते सोडते. दुकानाबाहेर रेंगाळणारी तरुण पोरे कान धरून निघून जातात, मोठ्यांना पत्ताही लागत नाही. युरोप परिषदेच्या संसदीय सभेने 2010 मध्ये त्यावर बंदी घालण्याची मागणी केली. आपल्या सूचनाफलकाला यंत्राची गरज पडत नाही. त्याचाही स्वर एका विशिष्ट वयालाच ऐकू येतो. बाकीचे त्याच्या खालून दूध आणायला जातात.

मुलींची गोष्ट आली की ही मंडळी आवाज खाली आणतात. मुलींच्या सुरक्षिततेसाठीच हे आहे हो, असे म्हणतात. कागदावर नियम मुलामुलींना सारखा असतो. प्रत्यक्षात मुलगा गेटबाहेर पडून चौकात, टपरीवर, कोणाच्या तरी दुचाकीवर जाऊन बसतो आणि मुलगी घरात जाते. तिच्याकरिता आवार हीच बाहेरची पहिली पायरी होती, तीच काढून घेतली गेली. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतील स्त्रियांविषयीच्या 'व्हाय लॉयटर?' (2011) या पुस्तकात हे फार नेमकेपणाने मांडले आहे. सुरक्षिततेच्या नावाखाली बाईकडे सतत कारण मागितले जाते. ती कामाला निघाली आहे, दवाखान्यात निघाली आहे, देवळात निघाली आहे, तोवर ठीक. ती विनाकारण उभी आहे हे मात्र शहराला सोसत नाही. त्या लेखिका सुरक्षिततेऐवजी विनाकारण असण्याचा हक्क मागतात, जोखीम पत्करण्याचा हक्क मागतात. सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या इमारतीच्या जिन्यातदेखील तो नाकारून आपण तिला पुढे कोणत्या शहरासाठी तयार करत आहोत?

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या भानगडीत का पडावे, असे कोणी म्हणेल. पडावे, कारण आपल्या वाङ्मयाने या वयाविषयी जे काही खरे लिहिले आहे ते बव्हंशी याच रेंगाळण्यातून आलेले आहे. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'तली नववीतली पोरे अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमतात. काळ आणीबाणीचा आहे, हे योगायोगाने नाही. ती इमारत पुरी झाली असती, तिला गेट आणि सेक्रेटरी लाभले असते, तर त्या पोरांना आपापसात बोलायला जागा उरली नसती. प्रकाश नारायण संतांच्या लंपनला कोणी नऊच्या आत घरात बसवले असते तर 'वनवास'मध्ये काय शिल्लक राहिले असते? भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' 1965 साली आली तेव्हा आचार्य अत्र्यांनी तिच्यावर झोड उठवली. नाक्यावरच्या पोरांची भाषा आणि वासना छापील पानावर याव्यात हे त्यांना रुचले नाही. त्या वादात पाध्ये यांची बाजू घेणारे प्राध्यापक आज वर्गात ती कादंबरी शिकवतात, नाक्याचे समाजशास्त्र समजावून सांगतात, आणि संध्याकाळी घरी परतून सोसायटीच्या सभेत घोळक्याविरुद्धच्या ठरावाला अनुमोदन देतात. त्यांना यात विसंगती दिसत नाही. नाका पुस्तकात असावा, आपल्या खिडकीखाली नसावा, एवढीच त्यांची अट असते.

चाळीचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच विचार नाही. चाळीतही पाळत होती. गॅलरीतल्या दहा डोळ्यांनी कित्येक मुलींचे शिक्षण थांबवले आहे. फरक इतकाच की त्या डोळ्यांशी हुज्जत घालता येई. काकू ओरडायच्या, आपण उलटून बोलायचे, आई मध्ये पडायची. कॅमेऱ्याशी आणि दंडाच्या पावतीशी हुज्जत घालता येत नाही.

ज्येष्ठांची बाजू मी हलकी लेखत नाही. ज्यांना रात्री झोप लागत नाही, ज्यांची मुले परदेशी आहेत, ज्यांना जिन्यातल्या अंधारात उभी असलेली उंच, अनोळखी आकृती भिववते, त्यांची भीती खरी असते. पण ती आकृती अनोळखी का असते? दहा वर्षे एकाच जिन्यात वावरलेल्या मुलाचे नाव ठाऊक नसते म्हणून. त्या मुलाला आवारातून हाकलल्याने ते नाव कळायचे नाही. टाळेबंदीनंतर 2020 मध्ये केंद्र सरकारने पासष्टच्या वरच्यांना आणि दहाच्या आतल्यांना घरी राहण्याचा सल्ला दिला होता. मधल्या वयाविषयी त्यात काही नव्हते. तरी कितीतरी गेटांनी मधले वयही आत कोंडले. साथ ओसरली, गेटांची सवय गेली नाही.

बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात खेळाचा आणि विरंगुळ्याचा हक्क आहे, तसाच शांततेने एकत्र जमण्याचाही आहे. हा करार 1989 सालचा. भारताने तो 1992 मध्ये स्वीकारला. त्यात अठरा वर्षांखालचे सगळेच येतात. मात्र तो करार घेऊन कोणी सोसायटीच्या कार्यालयात जावे असे मी सुचवणार नाही. तिथे त्याचा चहाच्या कपाखाली ठेवण्यापुरताच उपयोग होईल. त्यापेक्षा अधिनियमच हाती घ्यावा. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. ही सूचना ज्यांना हवी आहे त्यांनी ती विषयपत्रिकेवर आणावी. 'निदर्शनास आले आहे' हे शब्द काढून तिथे कोणाच्या निदर्शनास, कधी, काय आले ते लिहावे. सूचक आणि अनुमोदक म्हणून स्वतःची नावे द्यावीत. आणि चर्चा चालू असताना ज्यांच्याविषयी ती आहे त्या मुलामुलींना मागच्या खुर्च्यांवर बसू द्यावे. सभा बहुधा नऊनंतरही चालेल.