महासागराचा ‘शोध’ कोणी लावला?

पॅसिफिक महासागराचा शोध युरोपीय दर्यावर्दींनी लावला, हे विधान इतक्या सहजतेने केले जाते की त्यातील अन्याय कोणाला खुपत नाही. वस्तुस्थिती काय आहे? १५२०-२१ साली मॅगेलनच्या ताफ्याने हा महासागर ओलांडला तेव्हा खलाशी उपासमारीने व स्कर्व्हीने मरत होते. त्याच महासागरात हवाई, ईस्टर बेट आणि न्यूझीलंड या तीन दूरस्थ टोकांपर्यंत पॉलिनेशियन लोकांनी त्यापूर्वीच वसाहती केल्या होत्या. त्यांच्यापाशी होकायंत्र नव्हते, जोडहोड्या होत्या. ताऱ्यांची उदयास्ताची स्थाने, दूरवरून येणाऱ्या लाटांची दिशा, सायंकाळी जमिनीकडे परतणारे पक्षी आणि बेटावर साचणारे ढग हाच त्यांचा नकाशा होता. पिढ्यान्‌पिढ्या मुखपरंपरेने जतन केलेले हे शास्त्रच होते.

कॅप्टन कुकला याची जाण होती. १७६९ साली रायातेआ बेटाचा पुरोहित व दर्यावर्दी तुपाया ताहितीहून त्याच्या जहाजावर चढला. त्याच्या माहितीवरून ७४ बेटांचा नकाशा तयार झाला. हजारो मैल दूर न्यूझीलंडमध्ये माओरींना त्याची भाषा समजली आणि तो दुभाषी झाला. डिसेंबर १७७० मध्ये बटाव्हिया येथे तो मरण पावला. कुकचे नाव जगभर झाले. तुपाया मात्र तळटीपेत राहिला.

पुढे तर हे ज्ञानच नाकारले गेले. हे लोक दक्षिण अमेरिकेतून तराफ्यांवर वाहत आले, असे सुचविण्यासाठी थोर हेयरडाल यांनी १९४७ साली ‘कॉन-टिकी’ची सफर केली. असे दूरचे प्रवास हेतुपूर्वक झालेच नाहीत, होड्या भरकटून बेटांना लागल्या, असा सिद्धांत अँड्र्यू शार्प यांनी १९५६ साली मांडला. या विद्वानांचे हेतू काहीही असोत, परिणाम एकच झाला: कर्तृत्व योगायोगाच्या खाती जमा झाले. ज्यांची भूमी हिरावून घेतली, त्यांची बुद्धीही नाकारली की लूट उपकारासारखी दिसू लागते.

या सिद्धांताला उत्तर मिळाले ते प्रयोगाने. १९७३ साली संगणकाच्या साह्याने केलेल्या अभ्यासात दिसून आले की केवळ भरकटून हवाई किंवा न्यूझीलंड गाठणे जवळजवळ अशक्य होते. १९७६ साली ‘होकुलेआ’ ही जोडहोडी उपकरणांवाचून हवाईहून ताहितीस पोहोचली. हवाईत ही विद्या जाणणारा कोणी उरला नव्हता. म्हणून मार्गदर्शनासाठी मायक्रोनेशियातील सातावाल बेटाचे माऊ पियाइलुग यांना पाचारण करावे लागले. पुढे त्यांनीच ती विद्या हवाईच्या तरुणांना शिकविली.

या इतिहासातून दुहेरी बोध घ्यावयाचा आहे. श्रमणाऱ्या, निरक्षर ठरविलेल्या समाजांच्या ज्ञानाला दैवयोग म्हणणे ही वर्चस्वाची जुनी रीत आहे. परंतु पूर्वजांच्या थोरवीच्या पोकळ घोषणा हे तिला उत्तर नव्हे. पॉलिनेशियन लोकांनी आपला दावा समुद्रावर कसोटीला लावला आणि सिद्ध करून दाखविला. दडपल्या गेलेल्या ज्ञानाला न्याय मिळवून देण्याचा मार्ग हाच आहे.