विश्लेषण : ‘ऑफिसला या, नाहीतर राजीनामा द्या’... यातला निर्णय नेमका कोणाचा?

घरून काम करणाऱ्यांना कार्यालयात परत बोलावणारे ईमेल आता कोणाला नवे राहिलेले नाहीत. असा ईमेल आल्यावर जो नोकरी सोडतो, त्याच्याबद्दलचे शेरेही ठरलेले असतात. ‘घरी बसून आळस भरला’ किंवा ‘दुसरीकडे जास्त पॅकेज मिळाले असेल’. कंपनीच्या नोंदीत तर एकच ओळ उरते, ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा’. पण कामाची जागा कंपनीने बदलली असेल, तर हे कारण वैयक्तिक कसे?

८०० राजीनाम्यांचे प्रकरण काय होते?

भारतातले या वादाचे सर्वाधिक गाजलेले उदाहरण २०२२ मधले आहे. मुलांना ऑनलाइन कोडिंग शिकवणारी मुंबईची ‘व्हाइटहॅट ज्युनियर’ ही कंपनी ‘बायजूज’ने २०२० मध्ये विकत घेतली होती. टाळेबंदीच्या काळात तिथे देशभरातून भरती झाली. अनेकांची नेमणूकच घरून काम करण्यासाठी झाली होती. मार्च २०२२ मध्ये कर्मचाऱ्यांना ईमेल आला : महिनाभरात मुंबई, बंगळूरु किंवा गुरुग्रामच्या कार्यालयात रुजू व्हा. त्यानंतरच्या दोन महिन्यांत ८०० हून अधिक जणांनी राजीनामे दिल्याचे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले.

राजीनामा देणाऱ्यांचे म्हणणे साधे होते. कोणाच्या घरी आजारी आई-वडील, कोणाची लहान मुले, कोणावर कर्जाचे हप्ते. शिवाय पगार गावाकडच्या खर्चाच्या हिशेबाने ठरला होता, मुंबईच्या भाड्याच्या नाही. वैद्यकीय आणि वैयक्तिक अडचणी असलेल्यांना सवलत आणि स्थलांतरासाठी मदत देऊ केल्याचे कंपनीने सांगितले. मात्र हा खर्चकपातीचाच मार्ग असल्याची शंका काही कर्मचाऱ्यांनी उघडपणे बोलून दाखवली.

शब्द कोणी फिरवला?

घरून काम हा कायमचा हक्क असल्याचे कोणी लिहून दिले नव्हते, हे खरे. पण संकेत मात्र मोठ्या कंपन्यांनीच दिले होते. टीसीएसने २०२० मध्ये ‘२५ बाय २५’ हे धोरण मांडले. २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त कर्मचाऱ्यांनी कार्यालयात असण्याची गरज उरणार नाही, असे ते चित्र होते. ऑक्टोबर २०२३ पर्यंत त्याच कंपनीत आठवड्याचे पाचही दिवस उपस्थितीचा आदेश निघाला आणि २०२४ मध्ये ‘व्हेरिएबल पे’ हजेरीशी जोडला गेला. अ‍ॅमेझॉनचे प्रमुख अँडी जॅसी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये पाच दिवसांची उपस्थिती जाहीर केली. ती जानेवारी २०२५ पासून लागू झाली.

धोरण बदलण्याचा अधिकार कंपनीला आहेच. पण त्या तीन-चार वर्षांत माणसांनी आपापली आयुष्ये त्या धोरणाभोवती बसवली. पुण्यातली भाड्याची खोली सोडून कोणी सांगलीला गेले, कोणी जळगावला. कोणी तिथेच घर घेतले, मुलांच्या शाळा बदलल्या. कंपनीला धोरण एका ईमेलने बदलता येते. गृहकर्ज आणि शाळेचा प्रवेश तसा बदलता येत नाही.

पगार तोच, मग तोटा कसला?

हिंजवडीचे उदाहरण घेऊ. जाताना दीड तास आणि येताना दीड तास धरला, तर महिन्याच्या २२ दिवसांत ६६ तास प्रवासात जातात. आठ तासांच्या हिशेबाने ते आठ दिवसांहून जास्त काम झाले आणि त्याचा मोबदला शून्य. वर भाडे, डिपॉझिट, पेट्रोल किंवा कॅबचे पैसे आणि बाहेरचे जेवण. पगाराच्या स्लिपवर आकडा तोच राहतो, हातात उरणारी रक्कम मात्र घटते.

हिंजवडीतल्या कोंडीवर उतारा म्हणून माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटरच्या मेट्रोचे काम २०२१ च्या अखेरीस सुरू झाले आणि त्याची मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली. रस्ता व्हायच्या आधी हजेरीची सक्ती आली, की उशिराचा लाल शेरा कर्मचाऱ्याच्याच नावापुढे पडतो.

संशोधन काय सांगते?

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनमधील ‘ट्रिप डॉट कॉम’ या कंपनीतल्या १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्यात दोन दिवस घरून काम करू दिलेल्या गटात नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. कामगिरी आणि बढत्यांवर परिणाम झाला नाही. ही घट महिला, व्यवस्थापक नसलेले कर्मचारी आणि लांबून येणारे यांच्यात ठळक होती. विशेष म्हणजे, सुरुवातीला ‘उत्पादकता घसरेल’ असे वाटणाऱ्या व्यवस्थापकांचे मत प्रयोगानंतर बदलले.

दुसरा आकडा अधिक बोलका आहे. अमेरिकेतल्या ‘बांबूएचआर’ या कंपनीच्या २०२४ च्या पाहणीत वरिष्ठ पदांवरच्या दर चारपैकी एका अधिकाऱ्याने कबूल केले, की उपस्थितीच्या सक्तीनंतर काही लोक आपणहून नोकरी सोडतील अशी त्यांना आशा होती. ही पाहणी अमेरिकेतली आहे. भारतातल्या प्रत्येक आदेशामागे हाच हेतू असतो असे त्यावरून म्हणता येत नाही. पण कर्मचाऱ्यांची शंका अगदीच हवेत नाही, एवढे मात्र दिसते.

कंपन्यांचे म्हणणे चूक आहे का?

पूर्णपणे नाही. कॉलेजातून थेट नोकरीत आलेला मुलगा शेजारी बसलेल्या सीनियरकडून जे शिकतो, ते व्हिडिओ कॉलवर शिकत नाही. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या डेटावर काम असेल, तर सुरक्षेचा प्रश्न खरा असतो. एकाच वेळी दोन नोकऱ्या करण्याचे प्रकारही घडले. विप्रोने २०२२ मध्ये याच कारणावरून ३०० जणांना काढले होते. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या कंपन्यांवर तर घरून कामाबाबत सरकारी नियमांचे बंधनही होते.

पण ही कारणे ठरावीक कामांना आणि ठरावीक माणसांना लागू होतात. दहा वर्षांचा अनुभव असलेली टेस्टर ऑफिसात येऊन हेडफोन लावते आणि बंगळूरुच्या टीमशी दिवसभर कॉलवर बोलते. तिच्या बाबतीत ‘सहकार्याची संस्कृती’ हे उत्तर पुरत नाही.

कायदा कोणाच्या बाजूने?

घरून काम करण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय कायद्यात नाही. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने प्रसूती रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद आणली. पण कामाचे स्वरूप तसे असेल आणि मालक तयार असेल, तरच. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय मात्र याच कायद्याने बंधनकारक केली. बाळाच्या आईला ऑफिसला बोलावणाऱ्या ईमेलमध्ये त्या पाळणाघराचा पत्ताही असायला हवा.

खरी मेख पुढे आहे. कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ ठरणाऱ्याची कंपनीने कपात केली, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागते. आयटीतले सगळेच या व्याख्येत बसतात का, हा वादाचा मुद्दा आहे. पण माणसाने आपणहून राजीनामा दिला, की हा प्रश्नच मिटतो. ना भरपाई, ना ‘कपात’ अशी बातमी. उलट नोटीस पीरियड कमी पडला, तर पैसे कर्मचाऱ्याकडूनच वसूल होतात.

म्हणूनच ‘नको असेल तर सोडा’ हे वाक्य दिसते तितके न्याय्य नाही. घरी आजारी वडील असलेल्याकडे ‘हवे-नको’चा पर्यायच नसतो. त्याच्याकडून सही घेतली जाते, एवढेच.

मग मार्ग काय?

ऑफिसला बोलवू नका, अशी मागणी कोणी करत नाही. मागणी एवढीच असावी, की बदलाचा खर्च एकट्या कर्मचाऱ्यावर पडू नये. नेमणूकपत्रात कामाची जागा स्पष्ट लिहावी. घरून काम या अटीवर घेतलेल्यांना किमान सहा महिन्यांची मुदत द्यावी. शहर बदलावे लागणार असेल, तर पगार त्या शहराप्रमाणे ठरवावा. आणि जे येऊच शकत नाहीत, त्यांच्या जाण्याला राजीनामा न म्हणता भरपाईसह विभक्ती म्हणावे. यात कंपनीचा थोडा पैसा जाईल, पण सक्तीमागचा हेतूही स्वच्छ राहील.

तोवर कर्मचाऱ्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. ‘सध्या घरूनच कर’ हे मॅनेजरचे तोंडी बोलणे ईमेलवर मागून घ्यावे. राजीनाम्याची वेळ आलीच, तर पत्रात ‘वैयक्तिक कारण’ न लिहिता कामाची जागा बदलल्याचे आणि त्या आदेशाच्या तारखेचे खरे कारण लिहावे. ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग पाच वर्षांची सेवा लागते, तेव्हा काही आठवडेच कमी पडत असतील तर शेवटची तारीख मोजूनमापून ठरवावी. आणि गावी घर घेण्याआधी नेमणूकपत्रातली ‘कंपनी कुठेही बदली करू शकते’ ही ओळ एकदा नीट वाचावी. बहुतेक वाद त्याच ओळीपाशी येऊन थांबतात.