कर उतरला, पण सौदा अवघड झाला
छोट्या पिकअप ट्रकची खरेदी : जीएसटी कपात, वितरकांच्या बदलत्या सवलती आणि टेम्पोमालकाचा हिशेब

(खास प्रतिनिधी)

पुणे - गेल्या वर्षी घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ रोजी, मालवाहू वाहनांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि छोट्या पिकअप ट्रकच्या किमती एका रात्रीत उतरल्या. टाटा मोटर्सने छोटी मालवाहू वाहने आणि पिकअप यांच्या किमतीत ३० हजारांपासून १ लाख १० हजार रुपयांपर्यंत कपात जाहीर केली. अन्य कंपन्यांनीही कराचा लाभ ग्राहकांपर्यंत पोहोचविण्याची ग्वाही दिली. भाजीपाला, दूध, किराणा आणि बांधकामाचे साहित्य वाहून नेणाऱ्या लाखो टेम्पोमालकांसाठी ही दिलाशाची बाब होती, यात शंका नाही. मात्र जाहिरातीतील कपात आणि ग्राहकाच्या खिशात प्रत्यक्ष राहणारी रक्कम यांत अंतर असते. हे अंतर शोरूममधील वाटाघाटीत ठरते, आणि त्या वाटाघाटीचे गणित करकपातीनंतर पुरते बदलले आहे.

सव्वा महिन्याची कोंडी

पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून जीएसटी फेररचनेचे सूतोवाच केले. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबरला निर्णय घेतला आणि अंमलबजावणी २२ सप्टेंबरला झाली. या ३८ दिवसांत ग्राहकांनी खरेदी लांबणीवर टाकली. त्यात गणेशोत्सवाचा मुहूर्त गेला आणि पाठोपाठ पितृपंधरवडा आला. वितरकांच्या आवारात वाहने उभी होती आणि त्यांवर घेतलेल्या कर्जाचे व्याज सुरूच होते. अशा वेळी जो ग्राहक खरेदीस तयार होता, त्याच्यासाठी वितरक सवलतीची थैली सैल सोडण्यास राजी असणे स्वाभाविक होते.

कर उतरल्यावर चित्र उलटले. थांबलेले ग्राहक एकाच वेळी आले, मागणी वाढली आणि सवलत देण्याची निकड कमी झाली. म्हणजेच कर घटला तसतशी सवलतही आटण्याची शक्यता निर्माण झाली. ग्राहकाच्या दृष्टीने या दोन गोष्टींची गोळाबेरीज महत्त्वाची असते. केवळ कराचा आकडा पाहून निष्कर्ष काढणे त्यामुळे फसवे ठरू शकते.

एका वाहनाचा हिशेब

उदाहरणादाखल, करासह ९ लाख ६० हजार रुपये एक्स-शोरूम किंमत असलेला एक पिकअप घेऊ. त्याची मूळ किंमत साडेसात लाख आणि २८ टक्के दराने कर २ लाख १० हजार. नव्या दराने कर १ लाख ३५ हजारांवर आला आणि वाहन ८ लाख ८५ हजारांना मिळू लागले. कपात ७५ हजारांची. टक्केवारीत सांगायचे तर सुमारे ७.८ टक्के. कर दहा टक्क्यांनी घटला म्हणून किंमतही दहा टक्क्यांनी घटेल, हा समज येथेच गळून पडतो.

आता असे समजू, की जुन्या दराच्या काळात वितरक ४५ हजारांची सवलत देत होता आणि नव्या दरानंतर ती १० हजारांवर आली. पूर्वी हातात पडणारी किंमत ९ लाख १५ हजार होती, ती आता ८ लाख ७५ हजार झाली. म्हणजे खरी बचत ७५ हजारांची नसून ४० हजारांची. उरलेल्या ३५ हजारांसाठी कोणी बेकायदा काही केलेले नाही. केवळ सवलत मागे घेतली गेली.

व्यापारी आणि टेम्पोमालक यांच्यातील फरक

या हिशेबाला आणखी एक पदर आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार प्रवासी मोटारीवरील कराचा परतावा सर्वसाधारणपणे व्यावसायिकाला मिळत नाही. मालवाहू वाहनाला मात्र ही आडकाठी नाही. करपात्र धंदा करणारा नोंदणीकृत व्यापारी पिकअपवर भरलेला कर आपल्या करदेण्यातून वजा करू शकतो. त्याच्या लेखी कर हा खर्च नसून काही काळ अडकून पडणारे भांडवल असते.

वरच्याच उदाहरणात या व्यापाऱ्याचा निव्वळ खर्च पाहिला तर चित्र थक्क करणारे आहे. ९ लाख १५ हजारांतून २८ टक्के कर वगळता त्याला वाहन सुमारे ७ लाख १५ हजारांना पडत होते. नव्या दराने ८ लाख ७५ हजारांतून १८ टक्के कर वगळता ते सुमारे ७ लाख ४१ हजारांना पडते. म्हणजे करकपातीनंतर त्याचा खर्च साधारण २६ हजार ७०० रुपयांनी वाढला. त्याच्यासाठी खरी किंमत ठरवणारी गोष्ट कर नव्हतीच. ती वितरकाची सवलत होती. अशा ग्राहकाने 'जीएसटी कमी झाला, आता आणखी काय देणार' हे उत्तर ऐकून उठून येण्याचे कारण नाही.

याउलट स्वतः चालवणारा टेम्पोमालक, शेतमाल नेणारा शेतकरी किंवा नोंदणीच्या मर्यादेखालील छोटा दुकानदार यांना परतावा मिळत नाही. त्यांच्यासाठी भरलेला प्रत्येक रुपया कायमचा जातो, म्हणून करकपात हा त्यांचाच खरा लाभ. पण वाटाघाटीची ताकदही याच वर्गाकडे सर्वांत कमी असते. व्यापारी चार गाड्या एकदम घेतो, पाच वितरकांकडून कोटेशन मागवतो. टेम्पोमालक आयुष्यात दोन-तीनदाच नवे वाहन घेतो, आणि तेही बहुधा जुने वाहन बंद पडून धंदा अडल्यावर.

दाद कोठे मागायची?

जीएसटी लागू झाला तेव्हा करकपातीचा लाभ ग्राहकांना देणे कलम १७१ नुसार बंधनकारक करण्यात आले आणि त्यासाठी नफेखोरीविरोधी यंत्रणा उभी राहिली. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये काढलेल्या अधिसूचनेनुसार १ एप्रिल २०२५ पासून या यंत्रणेकडे नवे अर्ज घेणे बंद झाले. त्यामुळे सप्टेंबर २०२५ च्या मोठ्या कपातीच्या वेळी हा मार्ग ग्राहकांना उपलब्ध नव्हता. ग्राहक व्यवहार खात्याच्या १९१५ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर जीएसटीविषयक तक्रारींची स्वतंत्र सोय करण्यात आली. तथापि, कंपनीने किंमत उतरवली आणि वितरकाने आपली ऐच्छिक सवलत मागे घेतली, तर ती नफेखोरी म्हणता येत नाही. येथे ग्राहकाला कायदा नव्हे, घासाघीसच उपयोगी पडते.

सवलतीचा उगम

घासाघीस करायची तर सवलत येते कोठून, हे ठाऊक असले पाहिजे. वितरकाला कंपनीकडून मिळणारी दलाली हा एक भाग. महिन्याचे वा तिमाहीचे विक्रीचे उद्दिष्ट गाठल्यावर मिळणारे प्रोत्साहन हा दुसरा. त्याखेरीज जुन्या वाहनाच्या बदल्यात बोनस आणि विशिष्ट मॉडेलवरील मर्यादित मुदतीच्या योजना असतात. या योजना महिन्यागणिक बदलतात. म्हणून तीन तारखेला मिळालेले कोटेशन आणि तीस तारखेला मिळालेले कोटेशन यांत फरक पडू शकतो. उद्दिष्टाला एखादी गाडी कमी पडत असलेला वितरक महिनाअखेरीस स्वतःच्या दलालीतूनही सवलत देतो, कारण त्या एका गाडीवर त्याचे सर्व महिन्याचे प्रोत्साहन अवलंबून असते.

आवारातील साठा हेही एक निदर्शक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये वितरकांच्या 'फाडा' या संघटनेने प्रवासी वाहनांचा साठा ८० ते ८५ दिवसांवर गेल्याचे सांगितले होते आणि त्या हंगामात मोटारींवर सवलतींचा पाऊस पडला. मालवाहू वाहनांनाही हाच न्याय लागू होतो. डिसेंबरात मिळणारी मोठी सवलत मात्र जपून घ्यावी लागते. जानेवारी उजाडताच ते वाहन कागदोपत्री एक वर्षाने जुने होते आणि पुनर्विक्रीत त्याचा भाव पडतो. फॉर्म २१ या विक्री प्रमाणपत्रावर उत्पादनाचा महिना व वर्ष नमूद असते. पैसे भरण्यापूर्वी ते पाहणे अगत्याचे आहे.

दिलेले हप्त्यातून परत

किमतीवर घासाघीस करून मिळवलेले दहा-वीस हजार रुपये कर्जाच्या कागदावर सही करताना हातचे जातात, हा या व्यवहारातील सर्वांत मोठा धोका होय. वाहनकर्जाचा दर अनेकदा 'फ्लॅट' पद्धतीने सांगितला जातो. आठ लाखांचे कर्ज चार वर्षांसाठी ७ टक्के फ्लॅट दराने घेतल्यास व्याज २ लाख २४ हजार आणि हप्ता सुमारे २१ हजार ३३३ रुपये होतो. मुद्दल दरमहा फिटत असूनही व्याज पूर्ण रकमेवर आकारले जाते, त्यामुळे घटत्या शिलकीच्या पद्धतीने हाच दर साडेबारा टक्क्यांहून अधिक भरतो. घटत्या शिलकीवर ११ टक्के दर सांगणाऱ्या बँकेचा हप्ता सुमारे २० हजार ६७७ रुपये येतो. कानाला सात टक्के स्वस्त वाटतात. प्रत्यक्षात ४८ हप्त्यांत सुमारे साडेएकतीस हजार रुपये जादा जातात.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांसाठी 'की फॅक्ट स्टेटमेंट' बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर एका आकड्यात द्यावा लागतो. दोन कर्जांची तुलना करायची ती याच आकड्यावरून. रेपो दर २०२५ या एका वर्षात ६.५ वरून ५.२५ टक्क्यांवर आला. जुन्या दरपत्रकावर कर्ज पुढे करणाऱ्या प्रतिनिधीला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार ग्राहकाला आहे.

ऑन-रोड किमतीतील फटी

एक्स-शोरूम किमतीनंतर पासिंग, विमा, हौद्याचे काम, ताडपत्री आणि 'हाताळणी'च्या नावाखालील शुल्क अशी यादी येते. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात हलक्या मालवाहू वाहनांवर किमतीच्या ७ टक्के दराने एकरकमी मोटार वाहन कराचा प्रस्ताव आला. त्यामुळे केंद्राने एका हाताने दिलेल्यातील काही भाग राज्याच्या तिजोरीकडे वळला. विम्याच्या बाबतीत मात्र ग्राहक मोकळा आहे. वितरक सांगेल त्याच कंपनीचा विमा घेण्याची सक्ती नाही. मालवाहू वाहनांच्या तृतीय पक्ष विम्यावरील जीएसटीही सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्के झाला, तो कोटेशनमध्ये उतरला आहे किंवा नाही, हे तपासले पाहिजे.

सवलत रोख स्वरूपात बिलावर घ्यावी, सीट कव्हर वा म्युझिक सिस्टिमच्या रूपाने नव्हे, हेही तितकेच महत्त्वाचे. बिलावर उतरलेल्या सवलतीने करपात्र रक्कम घटते आणि कर्जही कमी घ्यावे लागते. बुकिंग करताना 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू' अशी अट पावतीवर असते. ती असेल, तर त्या दिवशीची सवलतही लेखी मागून घ्यावी. अन्यथा किंमत वाढली तर ग्राहकाची आणि योजना संपली तरी ग्राहकाचीच, अशी स्थिती होते.

मोटार घेणाऱ्या नोकरदाराचा पगार दरमहा ठरलेला असतो. पिकअप घेणाऱ्याचे उत्पन्न फेऱ्यांवर अवलंबून असते. पावसाळ्यात, बाजार समितीच्या संपात, बांधकामे थंडावल्यावर फेऱ्या कमी होतात, हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच जातो. त्यामुळे शोरूममध्ये जाण्यापूर्वी किमान तीन वितरकांची लेखी ऑन-रोड कोटेशन, दोन बँकांचे कर्जाचे कागद आणि जुन्या वाहनाचा बाहेरील बाजारातील भाव हातात असणे, ही या धंद्यातील पहिली गुंतवणूक समजायला हवी. करकपातीने वितरकाकडील यादीतली किंमत उतरली आहे. ती कपात टेम्पोमालकाच्या घरापर्यंत किती पोहोचते, हे या कागदांवर ठरणार आहे.