लॉग वाचणाऱ्याची बाजू

भिवंडीत निजामपुरा पोलीस ठाणे आहे. राज्यातल्या प्रत्येक ठाण्यासारखी तिथेही स्टेशन डायरी ठेवली जाते. आधी नोंदीचा क्रमांक, मग वेळ, मग कोण आले, काय सांगितले, कोणाला कुठे रवाना केले. झालेली नोंद मागाहून पुसायची नाही, चूक झाली तर नवी नोंद करायची. सर्वोच्च न्यायालयाने १२ नोव्हेंबर २०१३ च्या ललिता कुमारी निकालात बजावले की, दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की ती डायरीत बारकाईने उतरलीच पाहिजे, मग तिच्यातून गुन्हा दाखल होवो वा नुसती चौकशी. तपासाच्या डायरीची पाने क्रमांकित आणि बांधलेली असावीत, हे तर संसदेने कायद्याच्या कलमातच घातले. एवढी काळजी घ्यायची ती एका विशिष्ट वाचकासाठी. घटना घडली तेव्हा हा वाचक तिथे नव्हता, लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचे त्याला कारण नाही, आणि तरी त्या पानावरून त्याला निर्णय द्यायचा आहे.

त्याच शहरात आपल्या वाचकांपैकी अनेकांनी लिहिलेली सॉफ्टवेअर रात्रंदिवस चालतात. गोदामांत माल चढवणारी-उतरवणारी, ई-वे बिल काढणारी, रेपियर आणि एअरजेट मागांच्या कंट्रोलरकडून पिकांचे, म्हणजे विणल्या गेलेल्या बाण्याच्या धाग्यांचे, आकडे गोळा करणारी. त्यांच्या लॉग फाइल उघडल्या तर बहुतेक ठिकाणी काय दिसते? ‘इथपर्यंत आले’, ‘रिस्पॉन्स नल’, ‘काहीतरी चुकले’. असल्या ओळी लिहिणाऱ्याने स्वतःसाठी लिहिलेल्या असतात, तेही कोड लिहिताना, त्या दुपारपुरत्या. सहा महिन्यांनी तो दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. लॉगची व्यवस्था हा डीबगिंगचा उरलेला कचरा नाही. ती प्रॉडक्टच्या रचनेचा भाग आहे, आणि डेटाबेसचा आराखडा काढतो त्याच दिवशी तिचाही आराखडा काढला पाहिजे, एवढेच या अंकाचे म्हणणे आहे.

हे भिवंडीच्या संदर्भात सांगण्याचे कारण मजुरीचे आहे. इथला माग चालवणारा कामगार बहुतांशी मीटरवर पैसे घेतो. जुन्या शटल मागावर सॉफ्टवेअर नसते. तागा उतरला की कापड मोजले जाते, आणि मोजताना कामगाराला समोर उभे राहता येते. नव्या मागांवर कंट्रोलर प्रत्येक पाळीचे पीक मोजतो, ताण्याचा धागा तुटला की बाण्याचा, हे टिपतो, माग किती मिनिटे बंद होता तेही सांगतो. तो आकडा नेटवर्कवरून कारखान्याच्या संगणकात जातो आणि आठवड्याच्या हिशोबात बसतो. वाटेत वीज गेली, केबल सुटली, कंट्रोलरचा काउंटर शून्यावर आला, किंवा सुपरवायझरने आकडा ‘दुरुस्त’ केला, तर कामगाराच्या हाती काय राहते? त्याची आठवण, आणि समोर संगणकाचा छापील आकडा. लॉगमध्ये काउंटर कधी शून्य झाला, दुरुस्ती कोणी आणि कोणत्या आकड्यावरून कोणत्या आकड्याला केली, हे नसेल तर वाद सुरू होण्याआधीच संपलेला असतो.

ही भीती काल्पनिक नाही. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून फुजित्सू या कंपनीची होरायझन ही हिशोबाची प्रणाली शाखांमध्ये बसवली. हिशोबात तूट दिसू लागली आणि शाखा चालवणाऱ्यांवर चोरीचे, खोट्या हिशोबाचे खटले भरले गेले. नऊशेंहून अधिक माणसे दोषी ठरली, काही तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला. तिथल्या कायद्यात १९९९ च्या एका बदलानंतर संगणक नीट चालत होता असे न्यायालय गृहीत धरत असे, आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी व्यवहारात आरोपीवर येऊन पडली. तपशीलवार नोंदी फुजित्सूकडे होत्या, पण ज्यांच्यावर खटले चालले त्यांच्यापैकी अनेकांना त्या कधी मिळाल्याच नाहीत. १६ डिसेंबर २०१९ ला न्यायमूर्ती फ्रेझर यांनी दिलेल्या निकालात स्पष्ट झाले की प्रणालीत दोष होते, आणि शाखेतल्या माणसाला पत्ता न लागता कंपनीचे कर्मचारी दुरून त्याच्या हिशोबात फेरफार करू शकत होते. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. वीस वर्षांचा हा अन्याय घडला त्यात अधिकाऱ्यांचा निगरगट्टपणा मोठा होता, हे खरे. पण दुरून केलेल्या प्रत्येक फेरफाराची न पुसता येणारी नोंद शाखेतल्या माणसाला पहिल्या दिवसापासून पाहता आली असती, तर तो निगरगट्टपणा इतकी वर्षे टिकला नसता.

आता रचनेकडे. सर्वांत आधी वेळ, कारण आपल्याकडे सर्वाधिक घोळ तिथेच होतो. ई-वे बिलाची मुदत मध्यरात्री संपते आणि ती वाढवायची तर संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांतच वाढवता येते. गाडी मानकोलीला अडकली आहे, गोदामातला माणूस म्हणतो मी मुदत संपण्याआधीच विनंती पाठवली, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये लिहिले आहे १८:३५. हे भारतीय वेळेचे संध्याकाळचे सहा पस्तीस, की यूटीसीचे, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली पाच मिनिटे? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही, आणि दोन्हींत तारखेचा फरक पडतो. म्हणून वेळेसोबत तिचे अंतर, म्हणजे अधिक ०५:३० किंवा शून्य, नोंदीतच हवे. साठवताना यूटीसी, दाखवताना भारतीय वेळ, हा साधा नियम सगळ्या मॉड्युलना लावावा. घड्याळही जुळलेले हवे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, घड्याळे जुळवायला सांगितलेच आहे.

पण कारखान्यात भिंतीवर टांगलेल्या पेटीतले घड्याळ कोण जुळवणार? रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज जाऊन आली आणि इंटरनेट मिळाले नाही, तर तो बोर्ड शेवटी जतन झालेल्या वेळेपासून मोजायला लागतो. दोन तास वीज नसली तर पुढच्या साऱ्या नोंदी किमान दोन तास मागे जातात आणि जुन्या नोंदींत मिसळू शकतात. यावर स्टेशन डायरीचाच उपाय चालतो: प्रत्येक नोंदीला वाढता क्रमांक द्या, जो घड्याळावर अवलंबून नाही. त्याला जोडून यंत्र कितव्यांदा सुरू झाले तो आकडा ठेवा. मग वेळ चुकली तरी क्रम चुकत नाही, आणि क्रमांकात खंड पडला तर काही गहाळ आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळते.

वीज गेल्यावर आणखी एक गोष्ट होते. प्रोग्रामने फाइलमध्ये ओळ लिहिली म्हणजे ती डिस्कवर पोहोचली असे नाही. लिनक्स नव्याने लिहिलेला मजकूर मेमरीत धरून ठेवतो, नेहमीच्या सेटिंगमध्ये सुमारे तीस सेकंद. म्हणजे वीज जाण्याआधीच्या ज्या अर्ध्या मिनिटाबद्दल सगळे विचारणार, तेच नेमके नाहीसे होण्याची शक्यता असते. प्रत्येक ओळ एफसिंक करून लगेच डिस्कवर उतरवली तर एसडी कार्ड लवकर मरते आणि प्रोग्राम रखडतो. निवड करावी लागेल, आणि ती नोंदीच्या प्रकारावरून करावी: काउंटर शून्य होणे, आकडा बदलणे, गेट पास देणे, या नोंदी तत्काळ डिस्कवर. तापमान, नेटवर्कचा वेग यांसारख्या बाकीच्या नोंदी सवडीने.

नोंदीचा मजकूर कसा असावा, याबाबत भिवंडीकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एका कारखान्यात मालक उर्दू बोलतो, मुनीम मराठी, माग चालवणारा उत्तर प्रदेशचा किंवा तेलंगणाचा, आणि सॉफ्टवेअरची देखभाल करणारा ठाण्यात बसून इंग्रजी वाचतो. मजकूर कोणत्याही एका भाषेत साठवला की बाकीचे बाहेर. म्हणून मजकूर साठवूच नये. घटनेचा कायमचा सांकेतांक साठवावा आणि सोबत सुटी मूल्ये: माग क्रमांक, पाळी, जुना आकडा, नवा आकडा, बदल करणाऱ्याचा ओळख क्रमांक. वाक्य वाचताना, वाचणाऱ्याच्या भाषेत तयार व्हावे. यामुळे भाषेचा प्रश्न सुटतोच, पण शोधही सोपा होतो. ‘सात क्रमांकाच्या मागावर या महिन्यात किती वेळा आकडा बदलला’ हे विचारायला वाक्ये चाळत बसावे लागत नाही. मात्र एकदा दिलेला सांकेतांक पुन्हा दुसऱ्या अर्थाने वापरायचा नाही, हे पथ्य कडक पाळायला हवे.

मूल्ये सुटी ठेवण्यामागे सुरक्षेचे कारणही आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग फोर जे या जावाच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीतला दोष उघड झाला. बाहेरून आलेला मजकूर लॉगमध्ये लिहिता लिहिता ती लायब्ररी त्यातल्या विशिष्ट खुणांचा अर्थ लावायची आणि सांगितलेल्या पत्त्यावरून कोड आणून चालवायची. धोक्याच्या मोजपट्टीवर त्याला दहापैकी दहा गुण मिळाले. बाहेरून आलेला मजकूर फक्त मजकूर म्हणूनच हाताळावा, त्याचा अर्थ लॉगरने लावू नये. बारकोड स्कॅनरकडून आलेल्या मजकुरातले नवी ओळ सुरू करणारे चिन्हसुद्धा तसेच फाइलमध्ये जाऊ देऊ नये, नाहीतर कोणीही एका स्कॅनमध्ये खोटी नोंद घुसवू शकतो.

नोंदींच्या गांभीर्याच्या पातळ्यांबद्दल थोडक्यात. सिसलॉगच्या आठ पातळ्या मेल सर्व्हरच्या जगातून आल्या आहेत. आपल्या कामाला चार पुरतात. त्यांतली एरर म्हणजे कोणीतरी उठून काहीतरी केलेच पाहिजे. तसे नसेल तर तो एरर नाही. ज्या सिस्टिममध्ये दिवसाला हजार एरर येतात तिथे एक हजार एकावा कोणी बघत नाही.

काय लिहायचे नाही, हेही आराखड्यात लिहून ठेवा. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याची सूचना केली, कारण ते पासवर्ड उघड्या स्वरूपात एका अंतर्गत लॉगमध्ये साठत होते. गोदामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ओटीपी, ड्रायव्हरचा मोबाइल, माथाडी कामगाराचा आधार क्रमांक असाच लॉगमध्ये सांडतो, बहुधा एखाद्या एपीआयची पूर्ण विनंती जशीच्या तशी छापल्यामुळे. ओळख क्रमांक पुरतो. लॉग ही फाइल सर्वांत जास्त लोकांना पाठवली जाते आणि सर्वांत कमी जपली जाते.

किती दिवस ठेवायचे, याचे उत्तर कायद्यानुसार बदलते. सर्ट-इनने १८० दिवस सांगितले आहेत. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक बदलाचा, बंद न करता येणारा लॉग सक्तीचा आहे, आणि हिशोबाची पुस्तके आठ वर्षे ठेवावी लागतात. भिवंडीतले बहुतेक कारखाने भागीदारीत किंवा एकट्याच्या मालकीचे आहेत, त्यांना ही कंपन्यांची सक्ती लागू नाही. तरीही त्यांना विकलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय बंद ठेवून देणे मला चुकीचे वाटते. डिस्क भरून प्रोग्राम बंद पडू नये म्हणून जुन्या नोंदी हटवाव्या लागतात, पण तांत्रिक नोंदी आणि हिशोबाच्या नोंदी वेगळ्या ठेवल्या तर पहिल्या हटवताना दुसऱ्यांना धक्का लागत नाही.

न्यायालयात या नोंदी कशा उभ्या राहतात, त्याचे उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणापर्यंत गेला. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला अर्जुन खोतकर प्रकरणात निर्णय दिला की मूळ यंत्र न्यायालयात सादर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्रात तर फाइलचे हॅश मूल्यही भरायचे असते. तेव्हा रोज रात्री त्या दिवसाच्या नोंदींचा हॅश काढून, त्यात आदल्या दिवसाचा हॅश मिसळून, तो कारखान्याबाहेर दुसऱ्या ठिकाणी पाठवणे हे काही शोभेचे काम नाही. मधली एक ओळ जरी बदलली तरी पुढची साखळी जुळत नाही. कोडच्या पन्नासेक ओळींत हे होते.

या मासिकाच्या वाचकांना एक विनंती आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या मागांसाठी जे कोणी सॉफ्टवेअर लिहितात, त्यांनी पुढच्या आवृत्तीत पाळी संपताना छापली जाणारी एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर त्या पाळीचे पीक, माग बंद राहिल्याच्या वेळा, आणि आकड्यात कोणी बदल केला असेल तर त्याची नोंद असावी, कामगाराला वाचता येईल अशा भाषेत. मालक विरोध करतील, तर त्यांना सांगावे की हीच चिठ्ठी त्यांचेही संरक्षण करते. ज्यांनी असे काही आधीच केले आहे त्यांनी आपला नोंदींचा आराखडा आमच्याकडे पाठवावा. तो आम्ही पूर्ण छापू.