डब्याचाही फोटो काढा



फोटो म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लग्न येते, वाढदिवस येतो, नाहीतर फॉर्मवर चिकटवायचा पासपोर्ट फोटो येतो. पण ज्या डब्यातून वडिलांनी आयुष्यभर कामावर भाकरी नेली, त्या डब्याचा फोटो किती घरांत आहे? वडील गेले की डबा माळ्यावर जातो आणि घराला रंग काढायचा दिवस आला की भंगारवाल्याच्या तराजूत पडतो. त्याच्याबरोबर एका माणसाच्या कष्टाची साक्षही जाते. म्हणून आज घरच्या वस्तूंच्या फोटोविषयी.

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणाऱ्या मुलांना 'स्थिरचित्र' हा विषय असतो. समोर मांडलेल्या वस्तू कागदावर उतरवायच्या. तेच काम कॅमेऱ्याने करता येते, आणि त्याला बंगला लागत नाही. प्राग शहरातला जोसेफ सुडेक हा पुस्तकबांधणीचे काम शिकलेला कारागीर. पहिल्या महायुद्धात त्याने उजवा हात गमावला. पुढे एका हाताने अवजड कॅमेरा सांभाळत तो फोटोग्राफर झाला. १९४० पासून कितीतरी वर्षे तो आपल्या खोलीच्या खिडकीशी फोटो काढत राहिला. पाण्याचा ग्लास, अंडे, पावाचा तुकडा, एवढेच त्याचे सामान. ते फोटो आज जगभर नावाजले जातात.

इंग्लंडच्या फॉक्स टालबटने १८४४ साली छापील फोटोंचे पुस्तक काढायला सुरुवात केली. जगातल्या अशा पहिल्या काही पुस्तकांपैकी ते एक. त्यात एका उघड्या दाराला टेकवलेल्या साध्या झाडूचा फोटो आहे. झाडू ज्यांच्या हातात पिढ्यान् पिढ्या जबरीने दिला गेला, त्यांनी त्याचे कौतुक करावे असे कोणी म्हणणार नाही. पण झिजलेली मूठ पाहून झाडणाऱ्या हाताची आठवण ठेवणे, हे आपले काम आहे.

आता कृती. खिडकी नसेल तर उघडे दार चालते. सकाळचा मऊ उजेड बाजूने येईल अशी वस्तू स्टुलावर ठेवा. ऊन थेट येत असेल तर मधे पांढरे धोतर बांधा. घरातला दिवा बंद, फ्लॅशही बंद. फ्लॅश समोरून पडतो आणि वस्तू सपाट दिसते. बाजूच्या उजेडात प्रत्येक पोचा, प्रत्येक ओरखडा उठून येतो. म्हणून डबा घासून चकचकीत करू नका. त्या ओरखड्यांतच त्याची गोष्ट आहे. स्टीलमध्ये आपलेच तोंड दिसू लागले तर जरा तिरके उभे राहा. मागे साधी, एकरंगी साडी सोडा. सावली फार काळी वाटली तर दुसऱ्या बाजूला जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ उभी धरा. मोबाईलची काच सुती कापडाने पुसा, मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवा आणि टायमर लावा, म्हणजे हात हलणार नाही.

एवढ्याने फोटो स्वच्छ येईल. पण नुसता डबा म्हणजे भांड्याच्या दुकानाची जाहिरात. इथे कल्पना हवी. झाकण अर्धे उघडे ठेवा, बाजूला घडीचा हातरुमाल, मागे खुंटीला कामाचा शर्ट. आता माणूस दिसत नाही, तरी तो आत्ताच उठून गेला असे वाटते. आईचा फोटो आईशिवायही काढता येतो. तिचा चष्मा, सुईत ओवलेला दोरा आणि अर्धी शिवलेली गोधडी मांडा. तीन-चार वस्तू पुरेत. एकेक काढून पाहा. जी काढल्यावर काहीच बिघडत नाही, ती नकोच होती.

मुलांनाही सामील करून घ्या. अंधारात चाळणीवर बॅटरीचा उजेड टाकला की भिंतीवर चांदणे पडते. पाण्याने भरलेल्या काचेच्या ग्लासामागे थोड्या अंतरावर बाण काढलेला कागद धरला की बाणाचे तोंड उलटीकडे फिरते. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन फोटोग्राफरने १९३० साली एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून फोटो काढला. मिरची असूनही ती पाठमोऱ्या पहिलवानासारखी दिसते! बाजारातून पिशवी आली की भाजी चिरण्याआधी मुलांना विचारा, यात तुम्हांला काय दिसते?

फोटो मोबाईलमध्येच ठेवू नका. मोबाईल हरवला की फोटोही गेले. निवडक फोटोंच्या प्रती काढून पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा: वस्तू कोणाची, काम कोणते, साल कोणते. माहीत असणारे घरात आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.

आपल्या कितीतरी आजी-पणजींचा एकही फोटो मागे उरलेला नाही. त्यांचा चेहरा आता कोणताच कॅमेरा देऊ शकणार नाही. पण तिचा विळा, तिची पाटी, तिचा पाटा-वरवंटा अजून घरात असेल. येत्या रविवारी तो खिडकीपाशी आणा. नातवंडे विचारतील, ही कोण होती? तेव्हा दाखवायला हातात काहीतरी असू द्या.